चित्र आले, आवाज कुठे गेला?

व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलला, नवी फाइल तयार झाली, चित्र स्वच्छ दिसते, माणसांचे ओठ हलतात, पण आवाज नाही. अशा वेळी बहुतेक जण तीच फाइल पुन्हा कन्व्हर्ट करतात. मग दुसरे सॉफ्टवेअर आणून पाहतात, मग इंटरनेटवरच्या एखाद्या फुकट संकेतस्थळावर ती चढवतात. संध्याकाळ जाते, नव्यातून पुन्हा नवे करत राहिले तर दर खेपेला चित्राचा दर्जाही थोडा उतरतो, आणि आवाज काही येत नाही. आवाज हरवण्याच्या जागा एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येक जागेचा उपाय वेगळा आहे. तो नेमका कुठे हरवला हे आधी शोधले, तर दुरुस्ती बहुधा काही मिनिटांचीच असते आणि चित्राला हात लावावा लागत नाही.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडी, गणेशोत्सवातले कार्यक्रम, गावच्या सप्ताहातली कीर्तने, नाट्यस्पर्धेतला प्रयोग, शिक्षकांनी रेकॉर्ड केलेले तास, सोसायटीच्या सीसीटीव्हीचे फुटेज हे सगळे आता फाइलरूपात आपल्याकडे आहे आणि वर्षा-दोन वर्षांनी ते कुठल्या ना कुठल्या कारणाने कन्व्हर्ट करावे लागते. यातल्या बऱ्याच गोष्टींत खरे मोल आवाजाचे असते. कीर्तनाचे चित्र थोडे धूसर झाले तर चालेल, शब्द गेले तर उरते काय? म्हणून सर्वांत आधी एक नियम पाळा: नवी फाइल नीट ऐकून होईपर्यंत मूळ फाइल पुसायची नाही, तिचे नाव बदलायचे नाही, तिच्यावरच नवी फाइल सेव्ह करायची नाही.

कंटेनर आणि आतला ऐवज

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही कंटेनरची नावे आहेत. तीनपुडी डब्यात जशी भाजी एका पुडात आणि आमटी दुसऱ्या पुडात, तसे या फाइलमध्ये चित्र एका ट्रॅकवर असते, आवाज दुसऱ्या ट्रॅकवर, आणि असलीच तर सबटायटल्स तिसऱ्यावर. चित्र एच.२६४, एचईव्हीसी अशा एखाद्या कोडेकमध्ये, म्हणजे साठवणीच्या पद्धतीत, असते. आवाज एएसी, एमपी३, एसी-३, डीटीएस, पीसीएम, ओपस अशा कुठल्यातरी कोडेकमध्ये असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एमपी४’ लिहिले आहे एवढ्यावरून आत आवाज कुठल्या कोडेकचा आहे हे कळत नाही, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते.

प्रत्येक कंटेनर सगळे कोडेक स्वीकारत नाही. मायक्रोसॉफ्टचा एव्हीआय १९९२ सालचा, अ‍ॅपलचा क्विकटाइम म्हणजे एमओव्ही त्याच्याही एक वर्ष आधीचा. त्या काळात आजचे निम्मे कोडेक जन्मालाही आले नव्हते. एमकेव्ही, म्हणजे मात्रोस्का, याचे काम २००२मध्ये सुरू झाले आणि त्याची रचनाच अशी की जवळजवळ काहीही त्यात सामावते. उलट गूगलने २०१० साली आणलेला वेबएम अतिशय काटेकोर आहे. त्यात आवाज फक्त व्हॉर्बिस किंवा ओपस या कोडेकचाच चालतो. एमपी४ या दोहोंच्या मध्ये आहे. एएसी त्यात हक्काने राहतो, एमपी३ आणि एसी-३लाही जागा आहे, पण कच्चा पीसीएम आवाज किंवा डीटीएस एमपी४मध्ये गेला की कधी साधन तो घ्यायलाच नकार देते, तर कधी घेते आणि वाजवणारा प्लेअर गप्प बसतो. एमकेव्हीतून एमपी४मध्ये येताना आवाज जाण्याच्या तक्रारी इतक्या का, याचे उत्तर यातच आहे. काहीही घेणाऱ्या कंटेनरमधून निवडक घेणाऱ्या कंटेनरमध्ये आपण सामान हलवत असतो.

कन्व्हर्ट करण्याच्याही दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका तऱ्हेत ट्रॅक जसेच्या तसे उचलून नव्या कंटेनरमध्ये ठेवतात. याला रीमक्स म्हणतात. फाइल कॉपी करायला लागतो साधारण तेवढाच वेळ यात लागतो आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. दुसऱ्या तऱ्हेत चित्र आणि आवाज उलगडून नव्या कोडेकमध्ये पुन्हा एन्कोड करतात. याला वेळ लागतो आणि दर्जा थोडा घटतो. आवाज गेला असेल तेव्हा यांचा मेळ घालावा: चित्र जसेच्या तसे ठेवायचे, फक्त आवाज नव्याने एन्कोड करायचा. या लेखातले बहुतेक उपाय याच एका कृतीची रूपे आहेत.

फाइलच्या नावातली ‘एमकेव्ही’ ही शेवटची अक्षरे खोडून तिथे ‘एमपी४’ लिहिणे म्हणजे कन्व्हर्ट करणे नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. आतले काहीच बदलत नाही. काही प्लेअर तरीही फाइल ओळखून वाजवतात, काही अर्धवट वाजवतात, आणि मग खरा बिघाड शोधणे अवघड होते.

आधी दोन्ही फाइली तपासा

मूळ फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा आणि ऐका. व्हीएलसीला फार थोडे कोडेक वर्ज्य आहेत, म्हणून तपासणीसाठी तोच वापरावा. मूळ फाइलमध्येच आवाज नसेल तर कन्व्हर्टरचा दोष नाही. फोनवर टाइमलॅप्स म्हणून काढलेल्या व्हिडिओत आवाज नोंदलाच जात नाही. छायाचित्रणाच्या बहुतेक ड्रोनवर माइकच नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवण्याआधी दिसणाऱ्या स्पीकरच्या चिन्हाला चुकून बोट लागले तरी समोरच्याला मुका व्हिडिओ जातो. अशी फाइल कितीही वेळा कन्व्हर्ट केली तरी काही उपयोग नाही. पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल पुन्हा मागवावी, आणि या वेळी ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी.

त्यानंतर मीडियाइन्फो हे छोटे, मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. फाइल त्यात टाकली की आतल्या प्रत्येक ट्रॅकची माहिती समोर येते: आधी फाइलची एकूण माहिती, मग ‘व्हिडिओ’ हा विभाग, मग ‘ऑडिओ’. ऑडिओखाली चार गोष्टी पाहायच्या. फॉरमॅट, म्हणजे कोडेक कुठला. चॅनेल किती. सॅम्पलिंग रेट किती. आणि ड्युरेशन, म्हणजे आवाजाची लांबी चित्राइतकीच आहे का. चित्र पन्नास मिनिटांचे आणि आवाज बारा मिनिटांचा असे दिसले तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा कार्डावरच बिघडली आहे. काही नवे बसवायचे नसेल तर व्हीएलसीत फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणे दाबा. कोडेकची माहिती तिथेही मिळते.

हीच तपासणी नव्या फाइलची करा आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचा. शक्यता तीनच उरतात. एक, नव्या फाइलमध्ये ऑडिओ हा विभागच नाही: आवाज कन्व्हर्ट होताना गळाला. दोन, विभाग आहे आणि व्हीएलसीत आवाज येतो, पण टीव्हीवर किंवा फोनवर येत नाही: फाइल ठीक आहे, वाजवणाऱ्याला तो कोडेक येत नाही. तीन, विभाग आहे, तरी व्हीएलसीतही किंवा ठरावीक स्पीकरवर शांतता आहे: भलताच ट्रॅक आला आहे किंवा चॅनेलांत गडबड आहे. तुमची फाइल या तिघांपैकी कशात बसते हे ठरल्याशिवाय पुढे काहीही करू नका.

ऑडिओचा विभागच नसेल तर

बहुतेक वेळा दोष सेटिंगचा असतो. हँडब्रेक हा कन्व्हर्टर वापरत असाल तर त्यातला ‘ऑडिओ’ टॅब उघडून पाहा. तिथे एकही ओळ नसेल किंवा कोडेकच्या रकान्यात ‘नन’ असेल, तर आवाज घेऊ नकोस असेच तुम्ही त्याला सांगितलेले आहे. ट्रॅक जोडा, कोडेक एएसी निवडा, बिटरेट १६० ठेवा. ‘पासथ्रू’ या पर्यायाचा अर्थ मूळ आवाज जसाच्या तसा पुढे नेणे असा आहे. एएसी असेल तर तो चांगलाच, पण मूळ आवाज डीटीएस असेल आणि फाइल एमपी४ करायची असेल तर पासथ्रू टाळावा. पूर्ण फाइल करण्याआधी ‘रेंज’मध्ये सेकंद निवडून एक मिनिटाचा तुकडा करून ऐका. दोन तासांच्या कार्यक्रमासाठी एवढी सावधगिरी पुरेशी ठरते.

व्हीएलसीतून कन्व्हर्ट करणाऱ्यांनी प्रोफाइल निवडल्यावर शेजारच्या पान्याच्या चिन्हावर क्लिक करावे. आतल्या ऑडिओ कोडेक टॅबमध्ये ‘ऑडिओ’ या चौकोनात खूण आहे का आणि कोडेक कुठला आहे ते दिसते. तिथे एमपीईजी-४ ऑडिओ, म्हणजे एएसी, निवडावा. सॅम्पल रेट ४४१०० किंवा ४८००० हर्ट्झ ठेवावा. व्हीएलसी प्लेअर म्हणून उत्तम आहे. कन्व्हर्टर म्हणून मात्र मी त्याच्यावर महत्त्वाचे काम सोपवणार नाही, कारण काही बिनसले तर ते ठळकपणे सांगत नाही आणि मुकी फाइल निमूटपणे तयार होते.

या कामासाठी मला सगळ्यांत सोपे वाटते ते अ‍ॅव्हिडेमक्स. मोफत आहे, आणि डाव्या बाजूला तीनच गोष्टी निवडायच्या असतात. ‘व्हिडिओ आउटपुट’ कॉपीवर राहू द्या. ‘ऑडिओ आउटपुट’मध्ये एएसी निवडा. ‘आउटपुट फॉरमॅट’मध्ये एमपी४ मक्सर निवडा. मग सेव्ह करा. चित्राला धक्का न लावता फक्त आवाज नव्याने एन्कोड होतो. तास-दीड तासाचा व्हिडिओही काही मिनिटांत हातात येतो.

ज्यांना कमांड लिहायची सवय आहे ते एफएफएमपेग वापरतात. फॅब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली सुरू केलेल्या या प्रकल्पावर आज असंख्य कन्व्हर्टर उभे आहेत. इथेही तत्त्व तेच: व्हिडिओच्या कोडेकसाठी ‘कॉपी’ आणि ऑडिओच्या कोडेकसाठी ‘एएसी’ असे वेगवेगळे सांगावे. दोन्हींना मिळून एकच ‘कॉपी’ लिहिले आणि आतला आवाज एमपी४ला चालणारा नसेल, तर या कंटेनरसाठी कोडेकचा टॅग सापडत नाही अशा अर्थाची तक्रार येते. ती तक्रार वाचा, तिच्यात कोडेकचे नावही असते. इथे आणखी एक चूक सर्रास होते. ‘मॅप’ ही सूचना एकदा लिहिली की एफएफएमपेग स्वतःहून ट्रॅक निवडणे पूर्ण थांबवते. मॅपमध्ये फक्त चित्राचा ट्रॅक लिहिला तर आवाज येणारच नाही. त्यासाठी आवाजाचा मॅपही लिहावा लागतो. कुठून तरी उचललेल्या कमांडमध्ये ‘एएन’ हा पर्याय राहून गेला असेल तर तोही काढून टाका. आवाज नको असा त्याचा सरळ अर्थ आहे.

जुन्या डीव्हीडींचे दुखणे निराळे. डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली साधारण एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात आणि आवाजाचा ट्रॅक कुठे आहे हे फाइलच्या सुरुवातीला एका जागी नोंदलेले नसते. साधनाला सुरुवातीचा भाग वाचून तो ओळखावा लागतो. एफएफएमपेग ठरलेल्या सेटिंगवर सुमारे ५ एमबी आणि काही सेकंदांचाच भाग चाळते. सुरुवातीला फोटोग्राफरचे नाव, फुलांची नक्षी आणि बिनआवाजाचे शीर्षक असेल, तर त्याला आवाजाचा ट्रॅक सापडत नाही आणि सबंध लग्न मुके होते. उपाय दोन. कमांडमध्ये इनपुट फाइलच्या नावाआधी ‘प्रोबसाइझ’ आणि ‘अ‍ॅनलाइझड्युरेशन’ या दोन्हींची मर्यादा वाढवून १०० एम करावी. नाहीतर हँडब्रेकमध्ये एकटी व्हीओबी फाइल न उघडता डीव्हीडीतला ‘व्हिडिओ टीएस’ हा पूर्ण फोल्डर उघडावा. त्या फोल्डरमधल्या आयएफओ फाइलींत कुठला ट्रॅक कशाचा हे नोंदलेले असते आणि हँडब्रेक ते वाचते. दुसरा उपाय मला अधिक पटतो, कारण तुकडे आपोआप योग्य क्रमाने जोडलेही जातात.

मिनी डीव्ही कॅसेटवरून पूर्वी संगणकावर उतरवून ठेवलेल्या एव्हीआय फाइलींबद्दलही हेच घडते. त्या फाइली दोन जातींच्या असतात. टाइप-१मध्ये आवाज आणि चित्र एकाच प्रवाहात गुंफलेले असते. टाइप-२मध्ये आवाजाचा वेगळा ट्रॅक काढून ठेवलेला असतो. जुन्या धाटणीचे सॉफ्टवेअर एव्हीआयमध्ये वेगळा ऑडिओ ट्रॅक शोधते, टाइप-१मध्ये तो नसतो, आणि ते आवाज नाही असे ठरवून मोकळे होते. प्रत्यक्षात आवाज चित्राच्या प्रवाहातच असतो. एफएफएमपेग दोन्ही जाती वाचते. म्हणून अशी फाइल मुकी वाटली म्हणून टाकून देण्याची घाई अजिबात करू नये. कॅसेट बुरशीने गेली असेल आणि ही फाइलच उरली असेल, तर तिच्यात तुमच्या घरातले आवाज अजूनही शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे.

सीसीटीव्हीच्या फुटेजमध्ये आवाज असलाच तर तो बऱ्याचदा जी.७११ या टेलिफोनसाठी बनलेल्या कोडेकमध्ये असतो. हे मानक १९७२ सालचे, सेकंदाला ८००० नमुने घेणारे. एमपी४च्या रूढ चौकटीत ते बसत नाही, म्हणून नुसता रीमक्स केला की आवाज गळतो. तो एएसीमध्ये एन्कोड करावा, किंवा फाइल एमकेव्ही करावी. मात्र फुटेज पोलिसांना किंवा न्यायालयात द्यायचे असेल तर मूळ फाइलच द्यावी, कन्व्हर्ट केलेली नव्हे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची हॅश किंमत नोंदवावी लागते. फाइल कन्व्हर्ट होताच ही किंमत बदलते. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

संगणकावर वाजते, टीव्हीवर नाही

ही दुसरी शक्यता, आणि हिच्यात फाइलचा दोष नाही. डॉल्बीचे एसी-३ आणि ई-एसी-३, तसेच डीटीएस हे कोडेक परवान्याचे. यंत्र बनवणाऱ्याने परवाना घेतला नसेल तर ते कोडेक त्या यंत्रावर मुके राहतात. सॅमसंगने २०१८च्या मॉडेलांपासून टीव्हीतून डीटीएस काढला. एलजीनेही २०२०पासून काढला आणि पुढे २०२३च्या काही मॉडेलांत परत आणला. विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती नव्याने बसवलेल्या संगणकावर एसी-३ मायक्रोसॉफ्टकडून आपोआप येत नाही. अँड्रॉइडवरचा एमएक्स प्लेअर तर स्क्रीनवरच सांगतो की हा ऑडिओ फॉरमॅट चालत नाही. म्हणजे काल जुन्या टीव्हीवर वाजणारी पेनड्राइव्ह आज नव्या टीव्हीवर मुकी होऊ शकते, आणि पेनड्राइव्हला काहीही झालेले नसते.

फक्त स्वतःच पाहायचे असेल तर फोनवर आणि अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी बसवले की बहुधा काम होते. दहा नातेवाइकांना पाठवायचे असेल तर प्रत्येकाला नवे अ‍ॅप बसवायला सांगण्यापेक्षा वर सांगितलेली अ‍ॅव्हिडेमक्सची कृती करा: चित्र कॉपी, आवाज एएसी, दोन चॅनेल, कंटेनर एमपी४. आजच्या घडीला फोन, टीव्ही, ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप या सगळ्यांना पचणारी याहून भरवशाची जोडी नाही.

संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र हीच जोडी आडवी येऊ शकते. लिनक्सवरची दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एएसी वाचत नाही. फोनवरचा व्हिडिओ तिच्यात आणला की आवाजाची पट्टी रिकामीच. तिथे उलट करावे लागते. आवाज पीसीएममध्ये आणि फाइल एमओव्हीमध्ये न्यावी, आणि ती आवृत्ती एच.२६४ही घेत नसल्याने चित्र डीएनएक्सएचआर या कोडेकमध्ये न्यावे.

ट्रॅक आहे, तरी शांतता

हा प्रकार सर्वांत चकवणारा, कारण मीडियाइन्फो सगळे ठीक असल्याचे सांगते.

आधी भलत्या ट्रॅकची शक्यता तपासा. व्हीएलसीच्या ‘ऑडिओ’ मेनूत ‘ऑडिओ ट्रॅक’ या नोंदीखाली किती ट्रॅक आहेत ते पाहा आणि एकेक लावून ऐका. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर तास रेकॉर्ड करणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव हमखास येतो. ओबीएस सहा ट्रॅकपर्यंत आवाज वेगवेगळा नोंदवू शकते. संगणकाचा आवाज पहिल्या ट्रॅकवर आणि माइक फक्त दुसऱ्यावर असेल, तर प्लेअर पहिलाच वाजवतो आणि शिकवणाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही. रेकॉर्डिंग वाया गेलेले नाही. अ‍ॅव्हिडेमक्समध्ये ऑडिओ मेनूतून दुसरा ट्रॅक निवडून सेव्ह करा, किंवा दोन्ही आवाज हवे असतील तर संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. पुढच्या वेळेसाठी ओबीएसच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये माइकसमोर ट्रॅक १च्या चौकोनात खूण करा. एफएफएमपेग स्वतःहून एकच ऑडिओ ट्रॅक घेते, आणि तोही ज्यात चॅनेल सर्वाधिक तो. मराठी स्टीरिओ आणि दुसऱ्या भाषेतला सहा चॅनेलांचा ५.१ असे दोन ट्रॅक असतील तर मराठी मागे राहील. २०२४च्या आयफोन १६वर स्पेशियल ऑडिओ चालू ठेवून काढलेल्या व्हिडिओतही दोन ट्रॅक असतात. एक नेहमीचा एएसी, दुसरा अ‍ॅपलच्या एपीएसी या नव्या कोडेकचा. कन्व्हर्टरने दुसरा उचलला तर काम अडते. हाताने एएसीचा ट्रॅक निवडा.

आता त्या बिघाडाबद्दल, जो मंडपात आणि नाट्यगृहात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये येतो आणि ज्याचे कारण कन्व्हर्ट करणाऱ्याच्या सहसा ध्यानातच येत नाही. लक्षण असे: हेडफोन लावला तर आवाज येतो, जरासा विचित्र, डोक्याच्या मागून आल्यासारखा. फोनच्या स्पीकरवर किंवा छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर मात्र बोलणे जवळजवळ नाहीसे होते. कन्व्हर्ट करताना ‘मोनो’ निवडले तर नवी फाइल सगळीकडेच मुकी होते.

कारण मिक्सरपासून कॅमेऱ्यापर्यंतच्या वायरीत आहे. मिक्सरच्या एक्सएलआर आउटपुटमध्ये एकच आवाज दोन तारांवरून जातो, पण एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा, म्हणजे पहिलीची लाट वर जाते तेव्हा दुसरीची खाली. वाटेत शिरलेली खरखर काढून टाकता यावी म्हणून ही योजना असते, आणि मिक्सर ते अँप्लिफायर या प्रवासात ती उत्तम काम करते. कॅमेऱ्याचे ३.५ मिलिमीटरचे माइक जॅक मात्र स्टीरिओ असते. एक तार डावा चॅनेल, दुसरी उजवा. साधी वायर जोडली की सुलटा आवाज डावीकडे आणि उलटा उजवीकडे नोंदला जातो. दोन कानांना ते वेगवेगळे मिळते तोवर ऐकू येते. दोन्ही चॅनेल एका स्पीकरवर एकत्र आले की बेरीज शून्य होते. आवाज फाइलमध्ये पूर्ण असतो, फक्त तो स्वतःलाच खोडतो.

ओळखायचे असेल तर फाइलचा आवाज ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून लाटा मोठ्या करून पाहा. वरच्या आणि खालच्या चॅनेलची चित्रे एकमेकांची आरशातली प्रतिमा दिसली की निदान पक्के. उपाय अगदी सोपा आहे. हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमध्ये ‘मिक्सडाउन’खाली ‘मोनो, लेफ्ट ओन्ली’ असा पर्याय आहे. तो निवडला की उजवा चॅनेल बाजूला राहतो आणि डाव्याचा आवाज सगळीकडे स्वच्छ वाजतो. ऑडॅसिटीत स्टीरिओ ट्रॅक फोडून एका चॅनेलला ‘इन्व्हर्ट’ लावले तरी तेच साधते. पुढच्या कार्यक्रमाआधी साउंडवाल्यांना सांगून कॅमेऱ्यासाठी बनवलेली योग्य वायर मागून घ्या, आणि मिक्सरचा आवाज माइकच्या पातळीवर उतरवायला सांगा. नाहीतर फाटलेला आवाज नोंदला जाईल आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. बंदिशी, अभंग, दशावतारी खेळातली संवादांची फेक हे त्या रात्रीपुरते असते. पुन्हा तसेच्या तसे मिळत नाही, म्हणून सुरुवातीच्या पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग फोनच्या स्पीकरवर ऐकून मगच पुढे जावे.

कॉलरचा माइक एकाच चॅनेलवर नोंदला गेला असेल तर एका कानात आवाज आणि दुसऱ्यात शांतता असे होते. तिथेही हाच ‘लेफ्ट ओन्ली’ किंवा ‘राइट ओन्ली’ पर्याय उपयोगी पडतो. चित्रपटांच्या ५.१ ट्रॅकमध्ये संवाद मधल्या चॅनेलवर असतात. कन्व्हर्टरने सहांतून नुसते डावे-उजवे उचलले तर पार्श्वसंगीत येते आणि पात्रे मुकी होतात. मिक्सडाउनमध्ये ‘स्टीरिओ’ निवडले की मधला चॅनेल दोन्हींत मिसळला जातो. आणि आवाज आहे, पण ओठांशी जुळत नाही अशी तक्रार असेल, तर फोनच्या व्हिडिओंबाबत बहुधा फ्रेम रेट कमी-जास्त होत असतो. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून पाहा.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. घरगुती किंवा संस्थेचे रेकॉर्डिंग तिथे चढवू नये. कुठला ट्रॅक घेतला, कुठला कोडेक वापरला हे ते बहुतेकदा सांगत नाहीत, आणि तुमच्या घरातली माणसे अनोळखी सर्व्हरवर जाऊन बसतात. वर आलेली साधने बहुतेक मोफत आहेत आणि तुमच्याच संगणकावर चालतात.

जुने रेकॉर्डिंग जपून ठेवण्यासाठी कन्व्हर्ट करत असाल, तर एमकेव्हीमध्ये सगळे ट्रॅक जसेच्या तसे ठेवलेली एक प्रत बाजूला ठेवा आणि वाटण्यासाठी एमपी४ची वेगळी प्रत करा. ती वाटण्याआधी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, हेडफोनवर आणि फोनच्या स्पीकरवर, अशी दोन्हीकडे ऐका. दोन्हीकडे आवाज नीट आला, की मगच कार्ड किंवा कॅसेट हातावेगळी करा.